ठकूआत्याच्या धवल्याला माझी गिटार

आमच्या घरात हळू बोलणं हे आजारपणाचं लक्षण समजलं जाई. बाबांचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलं. तिथं या बांधावरचा माणूस त्या बांधावरच्याशी बोलतो तेव्हा मध्ये चार-पाच कोंड्या, म्हणजे मिठाचे वाफे, खाडीचा वारा आणि एखादा भांडकुदळ बगळा असतो. त्यामुळे बाबा जेवताना नुसतं "कालवन वाढ" म्हणाले तरी गव्हाण फाट्यावरचे रिक्षावाले मागे वळून बघत. माझी थोरली बहीण सुमन भांडी घासताना त्यांच्यावर मात करायचा प्रयत्न करी. पण या सगळ्या आवाजांची मुकादम होती ठकूआत्या. ही बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन-चार वर्षांतच कपाळ पुसून माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घर तिचं झालं. ती गावाची धवलारीण होती, म्हणजे लग्न लावायचं गाणं, धवला, म्हणणारी. आमच्या आगरी लग्नात भटजी असतो, मंगलाष्टकं असतात, सगळं असतं. पण मांडवात धवलारणीनं धवला म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. आत्या ऐन उमेदीत होती तेव्हा तिनं आमच्या अंगणात धवला सुरू केला की खाडीपलीकडच्या गावात चुकून एखादं लग्न लागून जाई, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो, पण बरीच वर्षं म्हणतोय.

धवल्यात ती सगळ्यांना आवतण द्यायची. आधी गावदेव, मग सूर्य-चंद्र, खाडी, शिवार, आणि मग त्या घराण्यातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन, मानाच्या क्रमानं. गावातल्या कुठल्या घरात कोण कधी गेलं, कुणाला कुणाच्या आधी हाक मारायची, कुणाचं कुणाशी पटत नव्हतं म्हणून त्यांना लांब बसवायचं, हे सगळं तिला पाठ. मी पोरवयात तिच्या मागं बसून ते ऐकायचो तेव्हा मला खरोखर वाटायचं की हे सगळे मेलेले लोक खाडीच्या बांधावरून पायताणं हातात घेऊन येतायत आणि मांडवाच्या मागच्या रांगेत बसतायत. आमची आई मी शाळेत असतानाच गेली. त्यानंतर गावातल्या प्रत्येक लग्नात मी वाट बघत असे की आत्या आईचं नाव घेईल. पण नाव घ्यायचं ते फक्त ज्याच्या घरचं लग्न त्याच्याच माणसांचं. आईला आवतण मिळणार होतं ते सुमनच्या लग्नात, त्याच्या आधी नाही. ही गोष्ट घरात कुणी बोलत नसे. सगळ्यांना ठाऊक होती.

अशा घरात मी गिटार आणली. पनवेलला उरण नाक्याजवळ उस्मानचाचाचं जुन्या सामानाचं दुकान होतं. बंदरात लागलेल्या जहाजांतून उतरलेलं काय वाट्टेल ते तिथं मिळे, होकायंत्रापासून चिनी बशांपर्यंत. एका जाळीखाली, गंजलेल्या पंख्याच्या मांडीवर ही पडली होती. इलेक्ट्रिक गिटार. रंग कधीकाळी लाल असावा, आता वाळलेल्या मिरचीसारखा झाला होता. आवाजाची एक खुंटी गेलेली, तिथं कुणीतरी टूथपेस्टचं झाकण बसवलेलं. मी किंमत विचारली तर चाचा डोळे मिटून म्हणाला, "बेटा, ही विकायची चीज नाय, अमानत आहे. एका जहाजाचा कप्तान रडत रडत ठेवून गेला." पुढच्या आठवड्यात मी परत गेलो तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता की ही मुंबईच्या मोठ्या ऑर्केस्ट्रातून आली. मी मध्येच म्हणालो, "चाचा, कप्तानाचं काय झालं?" चाचा जरासुद्धा न अडखळता म्हणाला, "तोच वाजवायचा तिथं, सुट्टीत." अशा माणसाकडून वस्तू न घेणं हा कलेचा अपमान झाला असता. माझी सायकल आणि पहिल्या पगारातलं उरलंसुरलं यावर सौदा झाला. पनवेलला सायकलवर गेलेला मी गिटार खांद्यावर टाकून गव्हाणला चालत आलो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला मी तिचं वेगळं नाव आणि वेगळा देश सांगितला. कप्तानाची परंपरा कुणीतरी चालवायला हवी होती.

घरी आख्खी आळी जमली. मी ओटीवर बसून रुबाबात तार छेडली. डासानं खोकावं एवढा आवाज आला. बाबांनी गिटार हातात घेतली, उलटीपालटी केली, माळ्यावरच्या कोहळ्यासारखी बोटानं वाजवून बघितली. "याला पोट नाय," ते म्हणाले. "पोट नाय त्याला आवाज कुठना येनार? हा फला हाय फला. सायकल देऊन फला आनलास." त्या दिवसापासून तिचं नाव घरात फळा. पाहुण्यांनाही विचारलं जाई, "फला बघितलात काय आमच्या जगनचा?" एकट्या आत्यानं काही चेष्टा केली नाही. ती चुलीशी वाकट्यांचं कालवण ढवळत होती. चिंच पिळून झाली तशी म्हणाली, "हलू बोलनारा कोनतरी घरात आला. बरा झाला."

आता गिटारच्या सहा तारा कशा लावायच्या हे आमच्या पंचक्रोशीत कुणालाच माहीत नव्हतं. पण तारांचा जाणकार एकच होता, हिरामण मास्तर. दिवसा तो पनवेल-उरण रस्त्यावर सहा आसनी रिक्षा चालवी, त्यात चौदा माणसं, दोन टोपल्या मासळी आणि एक बोकड बसवी, आणि लग्नसराईत आपली बेंजो पार्टी घेऊन हळदी गाजवी. आमच्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारवाद्य. त्याच्या तारा एकाच सुराला जुळवतात. मास्तरनं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि बेंजोचाच न्याय लावला. सहाही तारा सा. जाड तारा खालचा सा, बारीक तारा वरचा सा, आणि एक तार मधला. त्या प्रयोगात दोन तारा तुटल्या. एक तर अशी उडाली की मास्तरच्या मते ती अजून खाली आलेली नाही. त्यांच्या जागी त्यानं बेंजोची तार घातली आणि म्हणाला, "झाली. आता जगात कुठंपन वाजव." मी पुढं कित्येक वर्षं जगातल्या सगळ्या गिटारी अशाच लावतात असं समजून होतो. परवा सुमनच्या नातवानं मोबाईलवरचं ते सूर तपासायचं यंत्र माझ्या गिटारीजवळ धरलं. ते बिचारं लाल झालं, मग हिरवं, मग लाल, आणि शेवटी बंद पडलं. तो म्हणाला, "आजोबा, ही सगळी चुकीची लावलीये." मी म्हटलं, "बाळा, यंत्राला समजाव."

आवाजाची सोय टेपरेकॉर्डरनं झाली. त्याला माईकचं भोक होतं, मास्तरनं तिथं वायर जोडून दिली. कधी सेलवर, कधी विजेवर, मी ओटीवर बसून फळा बडवायला लागलो. सहा तारा एकदम एकाच सुरात दणाणल्या की कौलांवरची मांजरं शेजारच्या घरी राहायला जात. बाबा म्हणत, "मिठागरावर पाखरा उठवायला ने, पगार देतो."

याच सुमारास सुमनचं लग्न ठरलं, चिरनेरच्या मुलाशी. माणसं चांगली होती, हौशी होती. त्यांची एकच इच्छा, हिरामण मास्तरची बेंजो पार्टी हवी. बाबांनी हो म्हटलं आणि घरात बॉम्ब पडला. आत्या तांदळाची भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग मी गानार नाय." कारण सगळ्या गावाला माहीत होतं. मागच्या लग्नात ती धवला म्हणत असताना मध्येच मास्तरनं बेंजो सुरू केला होता. ती मांडवातून उठून आली होती आणि दारात उभी राहून तिनं मास्तरच्या सात पिढ्यांना, त्याच क्रमानं, वेगळं आवतण दिलं होतं. त्यानंतर ती एकाही मांडवात गेली नव्हती.

बाबा समजावायला गेले. "बाय, आपली पोर हाय ती. माईक लावतो तुझ्यासाठी."

"माईक तोंडाशी धरून देवाला बोलवू? देव म्हंजे काय पनवेल डेपोची एस्टी हाय?"

"मग दुसरी धवलारीन आनू काय उरनवरना?"

"आन."

यावर शेजारी पीठ मळणारी सुमन म्हणाली, "परकी बाई आईला कशी हाक मारनार?" आणि भाकरीचं पीठ तसंच टाकून आत गेली. तिचं खरं होतं. आमची आई जिवंत असताना शेजारणीच्या हाकेलाही आधी "कोन हाय?" विचारायची, मग दार उघडायची. अनोळखी आवाजाला ती काय ओ देणार होती? बाबांना राग कुणावर तरी काढायचा होता, आणि समोर मी फळा घेऊन बसलो होतो. "ही सगली वायरीची कला घरा मोडते," ते म्हणाले. "हलद उतरली का हा फला भंगारात." त्या रात्री आमच्या घरात सगळे हळू बोलले. शेजारच्या काकू विचारायला आल्या, कोण आजारी आहे म्हणून.

पुढं चार-आठ दिवसांनी, दुपारच्या वेळी, मी ओटीवर गिटार घेऊन बसलो होतो. टेपरेकॉर्डर आत खोलीत, मध्ये लांब वायर. हात कुठं जात नव्हते, म्हणून नुसता एक सा छेडत होतो, परत परत. आत्या समोर सुपात सुका जवळा निवडत बसली होती. मग ती वर न बघता म्हणाली, "जगन्या, ती जाड तार जरा खाली घे."

मी खुंटी पिळली.

"आनखी."

आणखी पिळली. तार सैल पडून गुरगुरायला लागली. मी म्हटलं, "आते, आता याच्या खाली गेली तर तलघर लागंल."

"मंग लागू दे. माझा गला आता तितंच ऱ्हातो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग जे सांगितलं ते तिनं आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचा आवाज उतरला होता. धवल्याची ओळ धवलारीण टाकते आणि मागच्या बायका ती झेलतात. झेलली नाही तर धवला जमिनीवर पडतो आणि तो अपशकून. मागच्या लग्नात तिचा आवाज वर चढला नाही, मागं ऐकूच गेला नाही, बायका एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. "धवल्याची ओल खाली पडली असती," ती म्हणाली. "हिरामननी बघितलान. त्यानी पटकन बेंजो चालू केलान. लोकांना वाटला त्यानी मना थांबवलान. माझी अब्रू वाचली." मग म्हणाली, "आन मी त्यालाच शिव्या घातल्या. त्यानी ऐकून घेतल्या. आता सांग, कुठच्या तोंडानी मांडवात जाव? गला गेला सांगू लोकांना?"

मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो. हे माझ्या बायकोला खरं वाटत नाही. पण बसलो. मग ती सैल तार पुन्हा छेडली. आत्या कानानंही जराशी मंदावली होती, म्हणून ती सरकत सरकत माझ्याजवळ आली, गिटार माझ्या हातून उभी करून आपल्या खांद्याशी टेकवली, डोकं तिच्यावर कललं, आणि त्या खालच्या सुरात धवल्याची सुरुवात गुणगुणली. आवाज पूर्वीचा नव्हता. खरखरीत होता, गलबताच्या दोरासारखा, पण तुटत नव्हता. आणि तेवढ्यात मला आतल्या खोलीतून तोच आवाज ऐकू आला. टेपरेकॉर्डरमधून. आत्या ओटीवर गात होती आणि तीच आतही गात होती. तिला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं, आणि माझ्या अंगावर काटा आला, तो अजून पूर्ण उतरलेला नाही.

पुढं एका जाणकारानं मला सांगितलं की गिटारच्या तारांखाली जे आवाज पकडणारे डबे असतात ते स्वस्तात बनवले तर आतून पोकळ, सैल राहतात, आणि तारांसोबत जवळचं बोलणंही पकडतात. दोष आहे तो. महागड्या गिटारींना कान नसतात. माझी स्वस्त होती, तिला ऐकू यायचं.

मी फाट्यावर जाऊन हिरामण मास्तरच्या रिक्षेत पुढं त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो. म्हटलं, "मास्तर, आत्या गाईल. पण तिच्या सुरात, खाली. मी शेजारी सा धरनार."

मास्तर रस्त्याकडे बघत म्हणाला, "बाय गाते म्हनली?"

"म्हनेल."

"मग तेवढा वेल बेंजोला फडका बांधून ठेवतो."

"आनखी एक. माझी वायर तुमच्या मोठ्या मशीनला लावायची. माडावर बांधाल त्या भोंग्यापर्यंत."

"बाईच्या कानाशी सूर धरायला भोंगा कशाला लागतो?"

"लागतो."

मास्तरनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मागून एक मासळीवाली ओरडली, "चल की रं, बोंबील परत जित्ता होयाचा वखत आला." त्यानं रिक्षा सुरू केली आणि एवढंच म्हणाला, "बरा."

घरी आत्याला मी सांगितलं की सूर फक्त तुझ्या कानासाठी, मी शेजारी बसेन, बेंजो गप्प राहील. ती पुष्कळ वेळ मिश्री लावत बसली. "मागं ऐकायला गेला नाय तर?" मी म्हटलं, "मागच्या बायकांना पुढं बसवू." तिनं मान हलवली. वायरीबद्दल तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी ठरवून केलं असं कुणी म्हणालं तर मी नाकारणार नाही, आणि कबूलही करणार नाही.

लग्नाच्या दिवशी चिरनेरहून ट्रक भरभरून माणसं आली. इतकी की गव्हाण थोडं खाडीकडे कललं. मांडवात पोरांचा गलका, बायकांच्या बांगड्या, मागं पातेल्यांत कालथे, विहिणीची हाक, कुणाचं तरी चप्पल हरवलेलं. बाबा तर स्वागत करत होते, म्हणजे त्या सगळ्यावर त्यांचा आवाज. आत्या नव्या लुगड्यात पुढं येऊन बसली. समोर पाटावर हळदीनं पिवळी झालेली सुमन. मी आत्याच्या उजव्या अंगाला, गिटार उभी धरून, तिच्या खांद्याशी. चिरनेरची एक म्हातारी म्हणाली, "ही कावड कसली?" मास्तरनं खरंच बेंजोवर स्वच्छ फडका बांधला होता.

मी तार छेडली. आत्यानं डोळे मिटले, मान कलती केली आणि गावदेवाला हाक मारली.

हाक माडावरून आली. पहिल्या ओळीला सगळा मांडव गपकन शांत झाला, मिठागरावर भरतीचं पाणी कोंडीत शिरतं तेव्हा होतं तसा. बायकांनी ओळ झेलली. पुढच्याच नव्हे, मागच्याही. मागच्याच नव्हे, पडवीत वांगी चिरणाऱ्याही. विहिरीवरून एक हंडा घेऊन येणारी बाई वाटेतच उभी राहून झेलायला लागली. आणि मी बघितलं, आत्याचे डोळे उघडले. इतका मोठा आवाज मंद कानांनाही चुकला नसता. स्वतःचाच गळा नारळाच्या झाडावरून खाली येतोय, हे तिला कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग गिटारीच्या वायरीकडे, ती वायर मांडवाच्या खांबावरून मास्तरच्या मशीनपर्यंत जाते तिथवर. पण धवला मध्ये सोडायचा नसतो. धवलारीण मेली तरी ओळ पुरी करून मरते, असं आमच्याकडे म्हणतात. ती गात राहिली. सूर्य आला, चंद्र आला, खाडी आली, आमचे पणजोबा आले, आजी आली. आणि मग तिचा आवाज जरा थांबला, एका श्वासापुरता, आणि तिनं आईचं नाव घेतलं. आमच्या आईचं, पूर्ण, माहेरच्या नावासकट.

बायकांनी ते झेललं, दोनदा. बाबांनी कुणाला तरी पाणी द्यायला हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. सुमन रडली नाही. तिनं फक्त पाट थोडासा धरला आणि एका बाजूला सरकून बसली, कुणीतरी शेजारी टेकणार असल्यासारखी.

आज त्याच शिवारावरून विमानं जातात. चिरनेरची म्हातारी माणसं मला भेटली की सांगतात, त्या दिवशी धवला आमच्या गावापर्यंत ऐकू आला होता. मध्ये डोंगर आहे, हे मी त्यांना सांगत नाही. माझ्याहून मोठ्या थापा मारणाऱ्याचा मी नेहमी आदर करतो.

पाठवणी झाली, मांडव रिकामा झाला. मास्तर भोंगे उतरवत होता. आत्या खांबाला टेकून पाय लांब करून बसली होती. तिनं मला बोलावलं. मी गिटार पाठीमागं धरून गेलो, जणू ती पाठीमागं मावणार होती.

"जगन्या, माझा आवाज माडावर कसा गेला रं?"

"वाऱ्यानी गेला असंल, आते."

"वारा वायरीतना जातो काय?"

बाबाही मागं येऊन उभे राहिले होते. आत्यानं बोटानं आपली मान चोळली, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, आणि म्हणाली, "पुडच्या महिन्यात हिरामनच्या पुतनीचा लगीन हाय. तितं खांद्याशी नको धरू, मना लय वाकाया लागला. सरल तोंडाशी धर."